कार्लोस क्लायबर (१९३०–२००४) : काय ऐकावं, कुठे कान द्यावा

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

कंडक्टर, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणारा, कार्लोस क्लायबर याला जाऊन १३ जुलैला आणखी एक वर्ष भरलं. दरवर्षी या सुमारास त्याचे तेच ते किस्से फिरतात: ऐनवेळी रद्द केलेल्या मैफली, मुलाखतींना कायमचा नकार, मानधनात घेतलेली आउडी गाडी. किस्से चविष्ट आहेत खरे, पण हा माणूस नेमकं काय करायचा ते त्यातून कळत नाही. म्हणून हा धागा फक्त त्याच्या कामाबद्दल. किस्से टाकायचेच असतील तर त्यातून संगीताचं काहीतरी कळावं, एवढीच विनंती.

नाव नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात. जन्म बर्लिनचा, ३ जुलै १९३०. वडील एरिश क्लायबर बर्लिनच्या सरकारी ऑपेराचे प्रमुख. आल्बान बेर्गच्या 'वोत्सेक' या ऑपेराचा पहिला प्रयोग १४ डिसेंबर १९२५ ला त्यांनीच उभा केला. नाझी राजवटीत बेर्गचंच संगीत वाजवून १९३४ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. पुढे कुटुंब ब्यूनस आयर्सला गेलं आणि कार्लचा कार्लोस झाला. मुलाला झुरिकला रसायनशास्त्र शिकायला घातलं होतं, ते टिकलं नाही. पोट्सडामला 'कार्ल केलर' या टोपणनावाने पहिल्यांदा उभा राहिला, मग ड्युसेलडॉर्फ, झुरिक, स्टुटगार्ट, म्युनिक. म्हणजे घडण सगळी जर्मन ऑपेरागृहांतली, रोजच्या खेळांची. सिंफनीच्या रेकॉर्ड नंतर आल्या.

माझं म्हणणं असं की लोक त्याचे हात बघत बसतात, पण हात हा त्याच्या कामाचा शेवटचा आणि लहान भाग. खरं काम पार्टमध्ये, म्हणजे वादकांसमोरच्या सुरावटीच्या कागदांत, व्हायचं. ठरावीक कृतींसाठी तो स्वतःच्या खुणा केलेले पार्ट घेऊन यायचा, वाद्यवृंदाच्या कपाटातले नाही. याचा व्याप किती? १६ पहिले व्हायोलिन, १४ दुसरे, १२ व्हायोला, १० चेलो, ८ डबल बास असा ताफा धरा. दोघांत एक स्टँड म्हणजे ३० स्टँड नुसते तंतुवाद्यांचे. एका स्वरासाठी गज खाली ओढायचा की वर ढकलायचा हे बदललं, की त्या विभागाच्या प्रत्येक पार्टमध्ये पेन्सिलने ते उतरवायचं, आणि पुढच्या चार-सहा खंडांत (खंड म्हणजे ठरावीक मात्रांचं एक आवर्तन) गज परत कुठे जुळतो तेही बघायचं. खाली ओढलेल्या गजाला आपसूक वजन येतं, वर ढकलताना स्वर हलका निघतो आणि टोकाकडे फुगवता येतो. हे आधी ठरवून आलं की तालमीत 'इथे हलकं वाजवा' म्हणावं लागत नाही. हात आपोआप हलका पडतो.

तालमीनंतरही सुटका नसे. दुसऱ्या दिवशी वादकांच्या स्टँडवर चिठ्ठ्या सापडायच्या, अमुक खंडात अमुक स्वर जरा आधी सोडाल का, अशा. वादक त्यांना 'क्लायबरग्राम' म्हणत.

१९७० मधलं तालमीचं चित्रीकरण उपलब्ध आहे: स्टुटगार्टचा रेडिओ वाद्यवृंद, 'फ्रायशुट्झ' आणि 'फ्लेडरमाउस' या दोन ऑपेरांच्या ओव्हर्चर (पडदा उघडण्याआधीचं वादन). सुरुवातीला वादकांचे चेहरे पाहा, हा तरुण फार बोलतोय असा भाव आहे. तासाभराने तेच लोक तेच सहा खंड वेगळे वाजवत असतात.

खर्जातला_चेलो

उत्तम सुरुवात. वाद्यवृंदाच्या बैठकीबद्दल भर घालतो, कारण हेडफोन लावून घरबसल्या पडताळता येईल अशी ती गोष्ट आहे.

आजकाल बहुतेक ठिकाणी पहिले आणि दुसरे व्हायोलिन दोन्ही डावीकडे शेजारीशेजारी बसतात. क्लायबर दुसऱ्यांना उजवीकडे, पहिल्यांच्या समोर बसवायचा. चेलो आणि व्हायोला मध्ये. ही जुनी बैठक, बापाचीही हीच होती. बीथोव्हेनच्या काळी हेच गृहीत असल्यामुळे त्याने दोन व्हायोलिन-विभागांत सवाल-जवाब लिहून ठेवलेत. सातव्या सिंफनीचा शेवटचा भाग लावा (व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७५–७६ चं ध्वनिमुद्रण). एक आघात डाव्या कानात, लगेच दुसरा उजव्या कानात. नेहमीच्या बैठकीत दोन्ही एकाच बाजूने येतात आणि लिहिलेला खेळ ऐकूच येत नाही.

मग सगळे असं का बसवत नाहीत? कारण त्रास आहे. उजवीकडे बसलं की व्हायोलिनचं तोंड, म्हणजे पोटावरची दोन छिद्रं, प्रेक्षकांकडे न राहता मागे वळतं. आवाज बसतो, म्हणून दुसऱ्यांना जास्त जोर लावून आणि जास्त आत्मविश्वासाने वाजवावं लागतं. शिवाय पहिले आणि दुसरे यांच्यात दहा-बारा मीटर अंतर पडतं. जलद जागी एकमेकांवर कान ठेवून वाजवायला गेले की मागे पडतात. जास्तीच्या तालमी मिळत नसतील तर ही बैठक अंगाशी येते. क्लायबरला तालमी मिळायच्या, कारण त्याशिवाय तो येतच नसे.

उलटतपासणी

धाग्याला विरजण घालायचं नाही, पण थोडं तारतम्य. २०११ मध्ये बीबीसीच्या संगीत मासिकाने शंभर कंडक्टरांची मतं घेतली आणि हा पहिला आला. ठीक. पण आयुष्यभरात किती कृती? बीथोव्हेनच्या चार-पाच सिंफन्या, ब्राम्सच्या दुसरी-चौथी, शूबर्टच्या तिसरी-आठवी, मोझार्टच्या दोन, आणि डझनभर ऑपेरा. माहलरची एकही पूर्ण सिंफनी रेकॉर्डवर नाही. कुठल्याही वाद्यवृंदाचं कायमचं प्रमुखपद घेतलं नाही. नवे वादक निवडणं, हंगाम आखणं, नव्या रचना वाजवून घेणं ही कंडक्टरची निम्मी नोकरी त्याने केलीच नाही. हव्या तेवढ्या तालमी मिळाल्यावर अचूक वाजवून घेणं आणि दोन तालमींत वाजवून घेणं यात फरक आहे.

आणि 'फ्लेडरमाउस'च्या १९७५ च्या रेकॉर्डमधला प्रिन्स ऑर्लोफ्स्की! बाईच्या आवाजासाठी लिहिलेली भूमिका इव्हान रेब्रॉफकडून खोट्या पातळ आवाजात गाऊन घेतली आहे. युलिया वाराडी, लुचिया पोप, हेरमान प्राय इतके सुंदर गात असताना मध्येच हे का?

मंद्रसप्तक

@उलटतपासणी, ऑर्लोफ्स्कीबद्दल कुणीच वाद घालणार नाही, तो ट्रॅक पुढे ढकलावा. त्याच रेकॉर्डमध्ये दुसऱ्या अंकातल्या बॅलेच्या जागी त्याने 'उंटर डोनर उंड ब्लिट्झ' ही पोल्का घातली आहे, ती भरपाई समजा.

कृती कमी होत्या हे मान्य. प्रमुखपदाबद्दलही सहमत, ती जबाबदारी त्याने टाळलीच. पण 'तालमी मिळाल्या की कुणीही करेल' हे पटत नाही. जास्त तालमींनी वाजवणं सहसा गुळगुळीत होतं, धार जाते. इथे उलट होतं. म्युनिकची १९८२ ची बीथोव्हेन चौथी ऐका, एका मैफलीचं थेट मुद्रण आहे. बारीक चुका आहेत, आणि लोक खुर्चीच्या काठावर बसून वाजवतायत हे कळतं.

सम_चुकली

कंडक्टिंगच्या अंगाने लिहितो. बीथोव्हेन पाचवीची सुरुवात सगळ्यांना पाठ असते, आणि कंडक्टरच्या परीक्षेत हमखास तिथेच माणूस पडतो. का ते सांगतो.

खंड दोन मात्रांचा आहे, पण वेग इतका की खंडाला एकच हात द्यायचा. पहिल्या अर्ध्या मात्रेला कुणीच वाजवत नाही, ती विश्रांती. मग तीन छोटे स्वर, आणि पुढच्या खंडाच्या समेवर लांब स्वर, त्यावर थांबा. म्हणजे कंडक्टरची सम शांततेवर पडते आणि वादक तिच्यानंतर सुरू करतात. वाजवणारे फक्त तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट. काय काय बिघडतं:

हाताची पूर्वसूचना एकच आणि नेमक्या लयीत हवी. खात्रीसाठी दोन खंड हवेत मोजून दिले तर एखादा दुसऱ्या हातालाच सुरू करतो. पूर्वसूचना संथ आणि सम जलद असेल तर पहिला स्वर फाटतो. भारदस्तपणासाठी तीन स्वर जरा रेंगाळवले, तर समेवरची विश्रांती ऐकणाऱ्याच्या हिशोबातून गळते आणि तो तीन स्वरांचा सरळ गुच्छ वाटतो, पहिल्याच स्वरावर सम असल्यासारखा. लिहिलेली ओढ संपली.

१९७४ च्या व्हिएन्ना मुद्रणात हे तीन स्वर पुढच्या पानांवरच्या लयीतच आहेत, दारावर थाप वगैरे नाटक नाही. दुसरा थांबा पहिल्यापेक्षा लांब आहे तोही ऐका. बीथोव्हेनने तिथे एक खंड जास्तीचा जोडून लिहिला आहे. पुष्कळ जण दोन्ही थांबे सारखेच धरतात.

सातवीच्या पहिल्या भागात वेगळा खड्डा आहे. तिथला ठेका सहाच्या हिशोबात ३+१+२ असा. मधला '१' फार छोटा. दहा मिनिटं हाच ठेका वाजवत राहिलं की हात थकतो, '१' गिळला जातो, '२' लवकर येतो आणि सगळं नकळत दोनाच्या चालीत घसरतं. एकदा घसरलं की परत वर काढणं अवघड. क्लायबरच्या मुद्रणात शेवटच्या पानापर्यंत तो '१' ऐकू येतो. मला विचाराल तर त्याची सगळी थोरवी त्या एका छोट्या स्वरात आहे.

शंखपुष्पी

छान चाललंय. सातवीच्याच दुसऱ्या भागाचा शेवटही सांगा ना कुणीतरी. काही रेकॉर्डमध्ये तो वेगळा वाटतो.

खर्जातला_चेलो

@शंखपुष्पी, बरोबर ऐकलंत. तो भाग मावळतो तेव्हा धून तुकड्यातुकड्याने वरच्या वाद्यांकडून खाली उतरते आणि तंतुवाद्यं बोटाने छेडत असतात, म्हणजे पिझिकाटो. छापील प्रतीत अगदी शेवटी व्हायोलिनना परत गज वापरायची खूण आहे. क्लायबर ती पाळत नाही, शेवटपर्यंत छेडतच ठेवतो. ही बापाकडून आलेली गोष्ट, एरिश क्लायबरही तसंच करायचा, कंडक्टर ऑटो क्लेम्पररही. गजाने वाजवलं की शेवट एका उसाशासारखा फुगून बसतो, छेडलं की कोरडा तुटतो. माझी पसंती छापील खुणेलाच आहे, पण त्याचं ऐकल्यावर दोन दिवस डळमळते.

गॅलरी_तिसरी_रांग

सगळे सिंफनीतच अडकलात. हा मुळात ऑपेराचा माणूस. १९७४ ते ७६ बायरॉइटला 'त्रिस्तान', ७ डिसेंबर १९७६ ला मिलानच्या ला स्काला हंगामाचं उद्घाटन 'ओटेल्लो'ने (डोमिंगो, फ्रेनी, काप्पुचिल्ली), मग १९८८ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'ला बोएम', 'त्राव्हियाता', 'ओटेल्लो', 'रोझनकावालिएर'. त्याचा वेगळेपणा कळायला ऑपेराच्या पिटमध्ये (रंगमंचापुढच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यात) अडचण काय असते ते आधी बघायला हवं.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कोरस रंगमंचाच्या मागच्या टोकाला, कंडक्टरपासून १७ मीटरवर उभा असेल तर त्यांचा आवाज त्याच्यापर्यंत सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा येतो. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत पाव मात्रा सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी. म्हणजे कोरस हात बघून अचूक गात असला तरी कंडक्टरला तो पाव मात्रेच्या निम्म्याने मागे ऐकू येतो. तो त्यांच्यासाठी थांबला की पिट मंदावतं, ते ऐकून कोरस आणखी मंदावतो. लय अशी गळत जाते आणि दोष कुणाचाच नसतो. म्हणून कोरसला कानाने नाही, डोळ्याने गायला शिकवावं लागतं.

पडद्यामागचं संगीत तर त्याहून वाईट. 'त्राव्हियाता'च्या पहिल्या अंकात आतल्या दालनात नाच चालू असतो, त्याचा बँड विंगेत वाजतो आणि समोर नायिका-नायक व्हायोलेत्ता-आल्फ्रेदो बोलतायत. विंगेतल्या बँडपुढे सहायक कंडक्टर मॉनिटरवर मुख्य कंडक्टरचा हात बघत उभा असतो आणि मुद्दाम किंचित पुढे वाजवून घेतो, तेव्हा कुठे प्रेक्षकांना एकत्र ऐकू येतं. आतून येणारा आवाज स्वरालाही किंचित उतरलेला वाटतो, त्याची काळजी वेगळी.

आता त्याची म्युनिकमधली 'त्राव्हियाता' ऐका (इलियाना कोत्रुबाश, डोमिंगो, मिल्न्स). स्टुडिओ आहे, अंतराची अडचण नाही, तरी साथीकडे लक्ष द्या. व्हेर्दीची साथ पुष्कळदा नुसती धुम-चक-चक असते आणि बहुतेक जण ती तशीच सोडून देतात. इथे प्रत्येक 'चक' किती लांब धरायचा हे ठरलेलं आहे, आणि व्हायोलेत्ता खोटं हसते तेव्हा तो आणखी आखूड होतो.

शंखपुष्पी

ऑपेरा एकही पूर्ण पाहिलेला नसेल तर त्याचा कुठला आधी बघावा? साडेतीन तास बसायची तयारी आहे, पण मध्येच हरवायला नको.

गॅलरी_तिसरी_रांग

'रोझनकावालिएर'. दोन चित्रीकरणं आहेत. म्युनिक १९७९ (ग्विनेथ जोन्स, ब्रिगिटे फास्बेंडर, लुचिया पोप) आणि व्हिएन्ना, मार्च १९९४ (फेलिसिटी लॉट, आन सोफी फॉन ऑटर, बार्बरा बॉनी, कुर्ट मोल). पहिल्यांदा बघायला १९९४ चं घ्या, चित्र आणि आवाज दोन्ही स्वच्छ. दुसऱ्यांदा १९७९, त्यात रग जास्त आहे.

बसण्याआधी कथा वाचून घ्या, पानभर पुरते. मग सलग बघू नका, एका दिवशी एक अंक. हरवायची भीती पहिल्या अंकाच्या मध्यात असते, तिथे गर्दी आणि भराभर बोलणं आहे. सबटायटल सुरू ठेवा. थांबून दोनदा ऐकायच्या जागा तीन:

पडदा उघडण्याआधीचं वादन. हॉर्न उसळी घेतात ती जागा. बहुतेक कंडक्टर तिथे आवाज सोडून देतात, हा त्याआधीचा श्वास आखूड करतो.

दुसऱ्या अंकात चांदीचं गुलाब देतात तो क्षण. बासरी, सेलेस्टा (घंटांसारखा आवाज देणारं पट्ट्यांचं वाद्य), हार्प आणि एकल व्हायोलिन, वर लुकलुकणारे स्वर. खालची लय स्थिर आणि वरचे स्वर तिच्यात न बसणारे, म्हणून कंडक्टर थोडा जरी हलला तर सगळं एकमेकांत कालवतं. तो तिथे जवळजवळ हलतच नाही.

तिसऱ्या अंकाच्या शेवटी तीन बायकांचं त्रिगान. इथला नेहमीचा रोग म्हणजे सुंदर आहे म्हणून संथ करणं. मग गायिकांचा श्वास ओळीच्या मध्येच संपतो आणि चढावर आवाज दाबून काढावा लागतो. क्लायबर आधी चालता ठेवतो, रुंदी फक्त शिखराशी देतो.

उलटतपासणी

'त्रिस्तान'बद्दल कुणी काही बोललं नाही, म्हणून मीच चांगलं बोलतो. ड्रेस्डेनचं १९८०–८२ चं मुद्रण. नायिका इझोल्डे गाणाऱ्या मार्गारेट प्राइसने ही भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही. तिचा आवाज शंभर वादकांच्या डोक्यावरून गॅलरीपर्यंत पोचला नसता. माइकपुढे मात्र कुजबुज कुजबुजीसारखी ऐकू येते. हा निर्णय धाडसी होता आणि बरोबरही. सुरुवातीच्या चेलोंच्या वाक्यानंतरच्या शांतता घड्याळ न लावता ऐका. आवाज नाही, पण लय थांबलेली नाही.

सम_चुकली

वॉल्ट्झबद्दल राहिलं. १ जानेवारी १९८९ आणि १९९२, व्हिएन्नाचे नववर्षाचे दोन कार्यक्रम. व्हिएन्नाच्या वॉल्ट्झमध्ये तीनपैकी दुसरी मात्रा किंचित लवकर येते. किती लवकर हे कुणी लिहून दाखवू शकत नाही आणि प्रत्येक ओळीत सारखं नसतं. ही साथ दुसरे व्हायोलिन आणि व्हायोला वाजवतात, ते काम पिढीजात त्यांच्याकडे आहे. बाहेरचा कंडक्टर ती दुसरी मात्रा हाताने दाखवायला गेला की विडंबन होतं. क्लायबर खंडाला एक हात देतो, कधी तोही नाही. डावा हात मागच्या कठड्यावर टेकून नुसता बघत राहतो. १९८९ मधली योझेफ स्ट्राउसची 'लिबेले' बघा.

मंद्रसप्तक

@सम_चुकली, ह्याच वाद्यवृंदाशी त्याचं बिनसलंही होतं. डिसेंबर १९८२, बीथोव्हेनची चौथी सिंफनी, दुसरा भाग. तिथे दुसऱ्या व्हायोलिनांची डुलणारी साथ आहे, लांब-आखूड, लांब-आखूड. आखूड स्वर पुढच्या स्वराकडे झुकायला हवा. मागच्याला लटकला की साथ लंगडते. त्याने 'थेरेसे' हे नाव मनात म्हणत वाजवा असं सांगितलं, आणि ते 'मारी' वाजवतायत म्हणून तालीम सोडून निघून गेला. किस्सा हजारदा छापून आलाय, पण त्यात आखूड स्वराचा प्रश्न होता हे कुणी सांगत नाही.

तळ्यातमळ्यात

अवांतर : तो ज्या म्युनिकच्या वाद्यवृंदाबरोबर सगळ्यात जास्त रमला, त्याच ऑपेरागृहाचे १९९८ ते २००६ प्रमुख होते आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. आणि ७ सप्टेंबर २०१३ ला श्रीनगरच्या शालिमार बागेत मेहतांनी हाच बवेरियन सरकारी वाद्यवृंद उभा केला होता.

शंखपुष्पी

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचा प्रश्न : 'पास्टोरल'ची त्याची रेकॉर्ड सापडली, आवाज फार खरखरीत आहे. माझी फाइल खराब की मूळच तसं?

खर्जातला_चेलो

मूळच तसं. 'पास्टोरल', म्हणजे बीथोव्हेनची सहावी सिंफनी, त्याने एकदाच केली, म्युनिकला, नोव्हेंबर १९८३ मध्ये. संग्रहातली मूळ टेप खराब झाली होती, म्हणून त्याच्या मुलासाठी केलेल्या कॅसेटवरून २००३ मध्ये डिस्क काढली. हेडफोनवर खरखर जास्त टोचते, स्पीकरवर लावा आणि वरच्या पट्टीचा आवाज थोडा कमी करा. वेग नेहमीपेक्षा बराच जास्त आहे, तीही फाइलची चूक नाही. आधी वादळाचा भाग ऐका, मग पहिल्यापासून.